संपादित जमीन, घेतलेली जमीन

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चाले आणि त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. कारखान्यासाठी गावांची शेती गेली.

इंग्रजी दप्तरात अशी जमीन ‘अक्वायर्ड लँड’ होते. इंग्रजीत हे धातुसाधित विशेषण नामाआधी बहुधा एकटेच उभे राहते. कोणी घेतली, कोणाकडून घेतली, हे सांगायचे तर नामाच्या मागे जावे लागते. न सांगितले तरी चालते. मग काळी, कोरडवाहू, तशीच ‘अक्वायर्ड’ ही जमिनीची एक जातच वाटू लागते.

त्याच काळात नागपुरात डॉ. रघुवीर संस्कृत धातूंवरून प्रशासकीय शब्द घडवत होते. ‘संपादित’, ‘विस्थापित’ हे सरकारी शब्द त्याच वळणाचे. संस्कृतला कर्ता समासात घेता येतो, पण कचेरीत शब्द बहुधा सुटाच वापरला जातो.

मराठीच्या ‘-लेला’ रूपाची तऱ्हा वेगळी. ‘सरकारने शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन’ यात अख्खी हकीकत नामाआधीच येते. ‘जेवलेला माणूस’ म्हणजे ज्याने जेवण केले तो. हेच शब्दशः इंग्रजीत नेले तर माणूसच कोणाच्या तरी पोटात जातो!

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. ‘रोल्ड स्टील’, ‘वेल्डेड रेल’ या शब्दांत कर्ता नसला तरी बिघडत नाही. गिऱ्हाइकाला रूळ हवा असतो. माणसाच्या बाबतीत मात्र बिघडते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘डिसमिस्ड’, ‘डिस्चार्ज्ड’, ‘रिट्रेंच्ड’ असे तीन शब्द ओळीने येतात. काढणाऱ्याचे नाव त्यांत नाही.

भिलाईच्या खासगी कारखान्यांतून काढलेल्या कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ रोजी खून झाला. १ जुलै १९९२ रोजी, कामावर परत घ्या म्हणत रेल्वेरुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अनेक कामगार मेले.

मराठीतही नुसते ‘काढलेले कामगार’ म्हणता येते. कर्त्याचे नाव घेण्याची सक्ती व्याकरण करत नाही. पण त्या शब्दाआधी ‘मालकाने’ लिहायला जागा असते. ती रिकामी ठेवली, तर ती लिहिणाऱ्याने ठेवलेली असते.