हार्ड डिस्क : दोषतपासणी व दुरुस्ती

संगणकाच्या हार्ड डिस्कवरील नोंदींत किंवा खुद्द डिस्कमध्ये उद्भवलेले दोष शोधून ते शक्य तेवढे दूर करण्याची क्रिया. विंडोजमध्ये हे काम चेकडिस्क हा प्रोग्राम करतो, मॅकवर डिस्क युटिलिटीमधील फर्स्ट एड आणि लिनक्समध्ये एफएससीके. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः विंडोजच्या घरगुती संगणकाचा विचार केला आहे.

दोष दोन जातींचे असतात आणि त्यांतला फरक न ओळखता दुरुस्तीला हात घातला, तर घरातली वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत जाऊ शकतात. पहिली जात फाइल सिस्टीमच्या दोषांची. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, कोणती जागा रिकामी आहे याची नोंद फाइल सिस्टीम ठेवते. डिस्कचा सातबाराच तो. फाइल लिहिली जात असताना वीज गेली किंवा पेन ड्राइव्ह तसाच उपसून काढला, की नोंद अर्धवट राहते. जागा वापरात असते, पण कोणत्याच फाइलच्या नावावर नसते. क्वचित एकच जागा दोन फाइलींच्या नावावर चढते. दुसरी जात डिस्कच्या शारीरिक झिजेची. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून वाचनशीर्ष तरंगत असते. धक्का, उष्णता आणि वय यांमुळे तबकडीचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, वाचेनासे होतात. सातबारा दुरुस्त केल्याने वाहून गेलेली जमीन परत येत नाही, तसेच इथेही आहे.

चेकडिस्क १९८१ सालच्या पहिल्या पीसी-डॉसपासून आहे. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६.२ बरोबर त्याच कामाचा स्कॅनडिस्क हा प्रोग्राम आला. विंडोज ९८ च्या काळात संगणक नीट बंद झाला नाही, की पुढच्या वेळी स्कॅनडिस्कचा निळा पडदा हमखास दिसे. लोडशेडिंग सोसलेल्या आणि यूपीएस नसलेल्या महाराष्ट्रातल्या घरांना तो चांगलाच परिचयाचा होता. विंडोज एक्सपीपासून एनटीएफएस ही फाइल सिस्टीम घरोघरी पोचली. ती नोंदींतल्या प्रत्येक बदलाचे टिपण आधी लिहून ठेवते, त्यामुळे वीज गेल्यावरची पडझड पुष्कळ कमी झाली. पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट३२ आणि एक्सफॅट यांना मात्र ही सोय नाही.

तपासणीची सोपी वाट अशी : ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, मग ‘एरर चेकिंग’खालचे ‘चेक’. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडूनही चेकडिस्क चालवता येतो. नुसता चालवला तर तो फक्त पाहतो. स्लॅश एफ जोडल्यास नोंदी दुरुस्त करतो. स्लॅश आर जोडल्यास शिवाय डिस्कचा सेक्टर अन् सेक्टर वाचून पाहतो. सी ड्राइव्ह वापरात असल्याने दुरुस्ती लगेच होत नाही. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना करू का, असे पडद्यावर विचारले जाते, त्याला ‘वाय’ म्हणावे लागते.

एनटीएफएसवर काम तीन टप्प्यांत चालते : आधी फाइलींची मुख्य सूची, मग फोल्डरांची अनुक्रमणिका, शेवटी सुरक्षाविषयक नोंदी. स्लॅश आरमुळे आणखी दोन टप्पे वाढतात, फाइलींतल्या मजकुराचा आणि मोकळ्या जागेचा. एक टेराबाइटची धडधाकट डिस्क नुसती वाचायलाच दोनेक तास लागतात. आजारी डिस्क एकाच टक्क्यावर तासन्‌तास अडते, कारण न वाचता येणारा सेक्टर ती पुन्हा पुन्हा वाचू पाहते. बेवारस तुकडे ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ‘सीएचके’ प्रत्ययाच्या फाइली म्हणून ठेवले जातात. त्यांतून मूळ फाइल अखंड मिळाली तर ते नशीबच.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी स्मार्ट माहिती पाहावी. ही डिस्कने स्वतःविषयी ठेवलेली टिपणे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये दिसतात. क्रमांक ५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर. हे आकडे शून्य नसतील आणि आठवड्यागणिक वाढत असतील, तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. क्रमांक १९९, म्हणजे माहितीची ने-आण होतानाच्या चुका, वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा केबलचा. केबल बदलल्यावर तो आकडा वाढायचा थांबतो. सगळे शून्य दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख स्मार्ट आकड्यांत कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती.

आकडे वाढते दिसले, तर स्लॅश आर चालवू नये. तासन्‌तासच्या वाचनाने मरणपंथाची डिस्क अधिकच खचते. आधी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. जमत असल्यास लिनक्सवरील डीडीरेस्क्यूने संपूर्ण प्रत घ्यावी. तो आधी चांगला भाग उचलतो आणि अडलेल्या जागा शेवटी हाताळतो. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. टक्‌टक्‌ असा ठरावीक आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्यावी. ती घरी उघडू नये. धुळीचा कणही तबकडी खरवडू शकतो.

एसएसडीत, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये, फिरणारे काहीच नसते आणि खराब जागा बदलण्याचे काम तिचा कंट्रोलर स्वतः करतो. तिला स्लॅश एफ पुरतो. स्लॅश आरचा उपयोग फारसा नाही.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, बरीचशी तपासणी संगणक चालू असतानाच पार्श्वभूमीवर होते. त्यामुळे चेकडिस्कचा पडदा पूर्वीसारखा वारंवार दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो गांभीर्याने घ्यायला हवा. मात्र कोणताही तपासणी प्रोग्राम बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. घरातल्या महत्त्वाच्या फाइलींची प्रत निदान एका वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तीतल्या चार फाइली अधूनमधून उघडून पाहाव्यात.