शिडाच्या होड्या आणि त्यामागचे हात

आपलं जूचंद्र म्हणजे रांगोळीचं गाव. एका रंगाशेजारी दुसरा रंग कसा बसवायचा, ते तुम्हाला मी काय सांगणार? म्हणूनच आज जपानच्या किनाऱ्याच्या एका रंगीत चित्राची गोष्ट सांगते. हे चित्र लाकडी ठशांनी छापलेलं आहे.

चित्रकार हिरोशी योशिदा. 1930-31 च्या हिवाळ्यात ते भारतात आले होते. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांचीही ठसाचित्रं त्यांनी केली. पण त्यांचं गाजलेलं चित्र समुद्राचं: 1926 सालचं ‘शिडाच्या होड्या’. सेतो समुद्राचं संथ पाणी, वर होड्या, खाली त्यांची सावली. ठसे तेच ठेवून, फक्त रंग बदलून त्यांनी सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ आणि रात्र छापली.

आधी रेघांचा ठसा कोरायचा, मग रंगांचे वेगवेगळे. पाण्यात कालवलेला रंग ठशावर लावायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि मागून चपट्या चकतीने घासायचा. कागद दर वेळी नेमका बसावा म्हणून ठशावर खाच असते. केसभर सरकला, तर शिडाचा रंग आभाळात जातो.

जुन्या पद्धतीत चित्रकार रेखाटन करी, दुसरा कोरी, तिसरा छापी आणि प्रकाशक विके. योशिदांचे आधीचे ठसे 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाले. मग त्यांनी स्वतःचं काम थाटलं आणि चित्रांवर ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, असा शिक्का मारू लागले. तरी कोरणारे, छापणारे कारागीर हाताशी होतेच. जगाला नाव माहीत झालं ते योशिदांचं.

त्यांच्या पत्नी फुजिओ याही चित्रकार. लग्नाआधी, सोळाव्या वर्षी, त्या हिरोशींबरोबर अमेरिकेला गेल्या. तिथे दोघांच्या चित्रांची प्रदर्शनं झाली. पुढे नाव गाजलं ते पतीचं. 1950 मध्ये हिरोशी वारले. त्यानंतर, पासष्टी ओलांडल्यावर, फुजिओंनी फुलांची स्वतःची ठसाचित्रं केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

आपली रांगोळी झाडली जाते, राहतो तो फोटो. त्या फोटोमागे साल लिहा. रेखाटन कुणाचं, रंग कुणी भरले, रात्रभर कोण बसलं, ती सगळी नावं लिहा. उद्या गावाच्या कलेचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याला ती नावं सापडली पाहिजेत.