इन्शुलिन : जीवदान आणि त्याची मर्यादा

मधुमेह हा केवळ आधुनिक राहणीचा रोग आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो अर्धाच खरा आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे सविस्तर विवेचन आहे. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण प्राचीन वैद्यांनी नेमके टिपले होते. सुश्रुताने या रोगाचे दोन प्रकार मानले. एक जन्मजात आणि दुसरा अपथ्याने जडणारा. त्याने सांगितलेल्या उपचारांत व्यायाम, लांबचा पायी प्रवास आणि विहीर खणण्यासारखी कष्टाची कामे येतात.

लक्षण कळले, पण कारण दीर्घकाळ अज्ञातच राहिले. मूत्रातील गोडी साखरेची आहे, हे लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली दाखविले. १८६९ मध्ये पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला जठरामागील स्वादुपिंड या ग्रंथीत पेशींची लहान लहान बेटे दिसली. त्यांचे कार्य मात्र त्याला उमगले नाही. पुढे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या प्राण्याला तीव्र मधुमेह झाला. रोगाचे मूळ या ग्रंथीत आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. तिच्यातील बेटे रक्तात एखादे द्रव्य सोडत असावीत आणि त्याच्या अभावी शरीराला साखरेचा उपयोग करता येत नसावा, असा तर्क बळावला. ते द्रव्य हाती येण्यापूर्वीच ‘बेट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला इन्शुलिन हे नाव सुचविले गेले.

परंतु नावाने रोगी वाचत नाहीत. त्या काळी वैद्यांपाशी एकच साधन होते, ते म्हणजे उपासमार. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीत आहार इतका तोडला जाई की, मुले हाडांचे सापळे होऊन दिवस कंठीत. मरण थोडेसे लांबे, इतकेच.

अशा स्थितीत ऑक्टोबर १९२० मध्ये फ्रेडरिक बँटिंग या तरुण कॅनेडियन शल्यवैद्यांना एक कल्पना सुचली. स्वादुपिंडाची नलिका बांधली, तर पाचक रस तयार करणारा भाग झिजून जाईल, बेटे शाबूत राहतील आणि त्यांचा अर्क काढता येईल. टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांनी, साशंक मनाने का होईना, त्यांना प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हे साहाय्यक दिले. १९२१ च्या उन्हाळ्यात यशाची चिन्हे दिसू लागली. त्याच वर्षी बुखारेस्टच्या पाउलेस्कू यांनीही अशाच अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद करावयास हवे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला या अर्काची पहिली टोचणी देण्यात आली. अर्क अशुद्ध असल्याने ती जवळजवळ निष्फळ ठरली. जेम्स कॉलिप या रसायनज्ञांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून टोचण्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी साखर उतरली आणि मुलगा सावरला. तो आणखी १३ वर्षे जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंटचा हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. तेव्हा बँटिंग यांनी आपल्या रकमेतील अर्धा भाग बेस्ट यांना, तर मॅक्लाउड यांनी कॉलिप यांना दिला.

मात्र इन्शुलिन हा उपचार आहे, रोगाचे उच्चाटन नव्हे, हे स्वतः बँटिंग यांनीच आपल्या नोबेल व्याख्यानात स्पष्ट केले होते. त्याचा प्रत्यय पुढे आला. पूर्वी अल्पावधीत दगावणारे रोगी आता अनेक दशके जगू लागले. आणि दीर्घकाळ वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, मज्जातंतू व हृदय यांची किती हानी करते, हेही ठळकपणे दिसू लागले.

१९३६ साली लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी आणखी एक भेद दाखवून दिला. काही रोग्यांवर इन्शुलिनचा परिणाम चटकन होतो, तर काहींचे शरीर त्याला दादच देत नाही. आज पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक यंत्रणाच बेटांतील पेशींचा नाश करते, असे आढळले आहे. तेथे टोचणीवाचून गत्यंतर नाही, आणि तो दोष रोग्याचाही नाही व आईबापांचाही नाही. दुसरा प्रकार कितीतरी अधिक आढळतो. त्यात आरंभी इन्शुलिन असते, पण ते पुरेसे लागू पडत नाही. आनुवंशिकता, पोटावरील मेद आणि बैठे जीवन ही त्याची प्रमुख कारणे होत.

भारतीयांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात असे आढळले की, येथील अर्भके वजनाने हलकी असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणजे दिसावयास सडपातळ असलेल्या माणसानेही निर्धास्त राहणे बरे नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, आणि त्याहून अधिक लोक रोगाच्या उंबरठ्यावर आहेत.

हा उंबरठा ओलांडलाच पाहिजे, असे नाही. चेन्नईचे डॉ. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच लोकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नियमित चालणे आणि आहारातील संयम एवढ्यानेच सुमारे अडीच वर्षांत रोग होण्याचे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून अधिक घटले. रक्ताची वेळेवर तपासणी, तंबाखूचा त्याग आणि वजनावर ताबा यांचीही जोड त्याला हवी.

लिओनार्ड थॉम्प्सनला कितीही चालून आरोग्य लाभले नसते. त्याला इन्शुलिनच हवे होते, आणि त्याच्यासारख्या प्रत्येक मुलाला ते मिळालेच पाहिजे. परंतु ज्यांचा रोग अद्याप टळू शकतो, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतील जीवदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. सुश्रुताने सांगितलेला पायी प्रवास त्यांना आजही करता येण्यासारखा आहे.