बेरिंजिया

बेरिंजिया : हिमयुगात सागरपातळी खाली गेल्यामुळे ईशान्य सायबीरिया व अलास्का यांदरम्यान उघडा पडलेला आणि नंतर बव्हंशी सागरमग्न झालेला भूप्रदेश. व्यापक अर्थाने पश्चिमेस लेना नदीपासून पूर्वेस कॅनडातील मॅकेंझी नदीपर्यंतच्या प्रदेशास ही संज्ञा लावतात. अमेरिकेतील आद्य रहिवाशांचे पूर्वज आशियातून याच मार्गाने आले असल्याने त्याच्या इतिहासास विशेष महत्त्व आहे.

कल्पनेचा इतिहास : आशिया व अमेरिका ही खंडे उत्तरेस कोठेतरी जोडलेली किंवा अगदी जवळ असली पाहिजेत, असा तर्क स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता यांनी १५९० मध्ये मांडला. व्हिटुस बेरिंग १७२८ मध्ये या सामुद्रधुनीतून गेले. परंतु धुक्यामुळे त्यांना अलास्काचा किनारा दिसला नाही. दोन्ही बाजूंच्या वनस्पतींच्या वितरणाचा अभ्यास करून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ एरिक हुल्टेन यांनी १९३७ मध्ये या लुप्त प्रदेशास बेरिंग यांच्यावरून ‘बेरिंजिया’ हे नाव दिले. अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड हॉपकिन्स यांनी १९६७ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथामुळे त्याच्या अभ्यासास आंतरविद्याशाखीय स्वरूप आले.

सागरपातळी व हवामान : बेरिंगची सामुद्रधुनी सु. ८५ किमी. रुंद असून तिची खोली साधारणतः ३० ते ५० मी. आहे. सु. २१,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरील पाण्याचा मोठा साठा खंडांवरील हिमस्तरांत अडकल्याने सागरपातळी आजच्यापेक्षा १२० मी.हून अधिक खाली होती. त्यामुळे उघडी पडलेली भूमी अरुंद पट्टी नसून तिची दक्षिणोत्तर रुंदी सु. १,६०० किमी. होती, ‘भूसेतू’ हा रूढ शब्द या दृष्टीने दिशाभूल करणारा आहे. समुद्र दूर गेल्याने हवा कोरडी झाली व हिमवृष्टी घटली. परिणामी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाखाली असताना बेरिंजियाचा सखल प्रदेश मात्र हिमस्तरांपासून मुक्त राहिला.

भूदृश्याविषयीचा वाद : अलास्का व सायबीरियातील गोठलेल्या जमिनीत मॅमथ, घोडा व रानगवा यांची हाडे विपुल सापडतात. एवढ्या मोठ्या तृणभक्षकांना विस्तीर्ण गवताळ प्रदेशच पोसू शकेल, असे प्रतिपादून डेल गथ्री यांनी ‘मॅमथ स्टेप’ ही संकल्पना मांडली. उलट, सरोवरांच्या गाळातील परागकण अत्यल्प आढळल्याने पॉल कॉलिनव्हॉ यांनी तेथे विरळ टंड्रा असल्याचे मत मांडले. हाडांचा पुरावा व परागांचा पुरावा यांतील ही विसंगती दीर्घकाळ चर्चेचा विषय होती.

हा वाद सुटण्यास प्रत्येक पुराव्याच्या मर्यादा ओळखणे उपयोगी पडले. वाऱ्याने पसरणारे पराग गाळात भरपूर साठतात. कीटकांद्वारे परागण होणाऱ्या लहान फुलझाडांचे मात्र फारच थोडे साठतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोठलेल्या गाळातील डीएनएवरून अशा फुलझाडांचे प्रमाण पूर्वी समजले गेले त्यापेक्षा बरेच अधिक होते, असे दिसून आले. अलास्कातील स्यूअर्ड द्वीपकल्पावर सु. २१,५०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेलेला मूळ भूपृष्ठभाग सापडला असून त्यावर गवत, लव्हाळ्याच्या वर्गातील वनस्पती, फुलझाडे व शेवाळाचा थर जागच्या जागी टिकून आहे. मात्र बेरिंग व चुक्ची समुद्रांच्या तळांतून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांत वनस्पती व भुंगेऱ्यांचे जे अवशेष मिळाले, ते हिमयुगाच्या अखेरीस सेतूच्या मध्यभागी भूर्जाची खुरटी झुडपे असलेला ओलसर टंड्रा सुचवितात. म्हणजे बेरिंजिया एकजिनसी नव्हता. दोन्ही पक्षांनी आपापल्या ठिकाणच्या पुराव्यावरून संपूर्ण प्रदेशाचे चित्र रेखाटले होते.

कालनिर्णय : पॅसिफिकचे पाणी आर्क्टिक महासागरात केव्हा शिरत होते, हे सागरतळातील सूक्ष्म जीवांच्या कवचांमधील नायट्रोजनाच्या समस्थानिकांवरून ठरविता येते. या पद्धतीने २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सामुद्रधुनी सु. ३५,७०० वर्षांपूर्वीपर्यंत पाण्याखाली होती. शेवटचा भूसेतू पूर्वीच्या समजापेक्षा उशिरा तयार झाला, असा याचा अर्थ होतो. सायबीरियातील याना नदीकाठी सु. ३२,००० वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. तेव्हा सेतू निर्माण झाल्यानंतर फार काळ न लोटता मानव बेरिंजियाच्या पश्चिम भागात पोहोचला होता.

विलय : हिमस्तर वितळू लागल्यावर समुद्र परत चढला आणि सु. १३,००० ते ११,००० वर्षांपूर्वीच्या काळात सामुद्रधुनी पुन्हा खुली झाली. उंच भूभाग बेटांच्या रूपाने उरले. त्यांपैकी सेंट पॉल बेटावर मॅमथ सु. ५,६०० वर्षांपूर्वीपर्यंत, तर रँगल बेटावर सु. ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते. मुख्य भूमीवरील हत्तीकुलातील हे प्राणी नाहीसे झाल्यानंतर, म्हणजे ईजिप्तमधील पिरॅमिड उभे राहिल्यानंतरही, ते तेथे जिवंत होते. मानवाच्या स्थलांतराचे अनेक पुरावे मात्र याच समुद्राखाली गेले असण्याचा संभव आहे. त्यामुळे पहिले लोक किनाऱ्याने दक्षिणेस गेले की हिमस्तरांमधील वाटेने, या प्रश्नाच्या निर्णयासाठी आजच्या किनाऱ्यांइतकाच सागरतळाचा अभ्यासही आवश्यक ठरतो.