तेरा दिवसांचे घर

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून हिंडणारा साहित्यप्रेमी कुठल्या तरी कवीच्या बालपणीच्या घरापाशी हटकून थांबतो. वर्डस्वर्थचे कॉकरमथचे जन्मघर बसस्थानकासाठी पाडले जाणार होते. गावकऱ्यांनी ते वाचवले आणि १९३८ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले.

नागपुरात हे शिकवताना आम्हाला महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ आठवते. यवतमाळ जिल्ह्यातील पारव्यात जन्मलेल्या या नाटककाराचे गाव शिक्षणासाठी लहानपणीच सुटले. १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधीर मुंबईहून धरणगावच्या वाड्यात परततो, तो आठवणी चाळायला नव्हे. वडील गेले म्हणून. दारात गंजलेला ट्रॅक्टर, आत दिवसकार्याचा खर्च, दागिने, वाटणी. बालपणाला सवड कुणाला? आपल्याकडे परतलेला मुलगा नुसता पाहुणा नसतो, वारसही असतो. म्हणून घर धास्तावते.

वर्डस्वर्थचे घर मुळात लाऊदर या जमीनदाराचे. वडील त्याचे कारभारी म्हणून तिथे राहत. १७८३ मध्ये ते वारले आणि मुलांचे घर सुटले. वाटून घ्यायला भिंतीच नव्हत्या; आठवण निर्वेध राहिली ती कदाचित त्यामुळेच. (हे आमचे अनुमान.)

वर्गातली खेड्यातून आलेली मुले मात्र ट्रॅक्टरपाशीच थबकतात. त्यांच्या घरच्या वाटण्या अजून व्हायच्या असतात.