कार्बीन, फॉस्फरस आणि पाणी : रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :
पांढरा फॉस्फरस हवेत पेट घेतो, म्हणून तो पाण्याखाली साठवतात. याउलट फॉस्फरस ट्रायक्लोराइडचा पाण्याशी संपर्क येताच जोरदार अभिक्रिया होऊन फॉस्फरस आम्ल व हायड्रोजन क्लोराइड तयार होतात. फॉस्फरस व पाणी यांच्या या दुहेरी संबंधात कार्बीनमुळे काय बदलले आणि त्या बदलास उत्प्रेरण म्हणणे कितपत योग्य ठरते, याचा ऐतिहासिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थिर कार्बीनचा शोध :
कार्बीनमधील एका कार्बन अणूला चारऐवजी दोनच बंध असतात व त्याच्याजवळ दोन इलेक्ट्रॉन मोकळे राहतात. सर्वांत साधे कार्बीन मिळविण्यासाठी द्यूमा यांनी १८३५ मध्ये मेथिल अल्कोहोलमधून पाण्याचे घटक काढून टाकण्याचा प्रयत्न केला. तो असफल ठरला. १९६० च्या दशकात व्हान्झलिक यांनी नायट्रोजनयुक्त कार्बीनांचा पद्धतशीर अभ्यास केला, परंतु मुक्त कार्बीन त्यांना वेगळे करता आले नाही. त्यामुळे असे संयुग बाटलीत साठवता येणार नाही, हा समज दृढ झाला.

हा समज मोडण्यात फॉस्फरसचा वाटा मोठा आहे. १९८८ मध्ये गी बर्ट्रांड यांच्या गटाने फॉस्फरस व सिलिकॉन यांच्यामध्ये असलेला कार्बीन-कार्बन स्थिर केला. मात्र त्यास कार्बीन म्हणावे की कार्बन-फॉस्फरस बहुबंध असलेले संयुग, यावर वाद झाला. १९९१ मध्ये आर्डुएंगो यांनी ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्फटिकरूप कार्बीन मिळविले व त्याची रचना निश्चित केली. यामुळे पुष्कळदा अग्रक्रमाचे श्रेय १९९१ च्या शोधाला दिले जाते. ते देताना १९८८ च्या कार्याची उपेक्षा होणे न्याय्य नाही.

फॉस्फरसवरील परिणाम :
२००७ मध्ये बर्ट्रांड यांच्या गटाने कार्बीनच्या साहाय्याने पांढऱ्या फॉस्फरसचा चार अणूंचा पिंजरा उघडून दाखविला. यापूर्वी हे कार्य मुख्यतः धातूंचे मानले जात असे. २००८ मध्ये रॉबिन्सन यांच्या गटाने दोन कार्बीनांच्या आधारे फॉस्फरसच्या दोन अणूंची जोडी स्थिर केली. या दोन्ही उदाहरणांत कार्बीन फॉस्फरसला जोडलेलेच राहते; म्हणून त्याची भूमिका आधार देणाऱ्याची आहे, उत्प्रेरकाची नव्हे.

पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेत कार्बीन तत्त्वतः दोन मार्गांनी साहाय्य करू शकते. एक, पाण्यातील हायड्रोजन स्वतःकडे ओढून ऑक्सिजनला अधिक क्रियाशील करणे; दुसरा, फॉस्फरसला इलेक्ट्रॉन देऊन पाण्याच्या आक्रमणाची जागा बदलणे. परंतु तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे कार्बीन स्वतःच पाण्यातील प्रोटॉन स्वीकारते आणि कालांतराने त्याचे वलय उघडते. शिवाय कार्बन-फॉस्फरस बंध दृढ असल्यास ते पुन्हा मुक्त होत नाही.

निष्कर्ष :
अभिक्रियेच्या शेवटी मूळ रूपात परत मिळणे ही उत्प्रेरकाची मूलभूत अट आहे. या निकषावर कार्बीनचा फॉस्फरसवरील प्रत्येक परिणाम उत्प्रेरण ठरत नाही. ज्या फॉस्फरसच्या सान्निध्यात कार्बीन स्थिर झाले, त्याच्यापासून वेळीच विलग होणे आणि पाण्यापासून स्वतःचा बचाव करणे, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच ते या क्षेत्रात खऱ्या अर्थाने उत्प्रेरक ठरते.