बिबी तिती मोहम्मद : चळवळीला माणसे देणारी स्त्री

स्वातंत्र्यचळवळीचा इतिहास बहुधा पुढाऱ्यांच्या भाषणांवरून लिहिला जातो. ती भाषणे ऐकायला माणसे कोणी आणली, हे विचारले जात नाही. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला तो ज्युलियस न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली, हे खरेच आहे. पण एडिनबर्गला शिकलेल्या या शिक्षकाच्या पक्षामागे दार-ए-सलामच्या वस्त्यांतल्या बायका कशा उभ्या राहिल्या, हे समजून घ्यायचे तर बिबी तिती मोहम्मद यांच्याकडेच जावे लागते.

तिती यांचा जन्म १९२६ चा, दार-ए-सलाममधल्या मुसलमान घरातला. शिक्षण जेमतेम चार इयत्ता. पण गळा होता. ‘न्गोमा’ म्हणजे बायकांची नाच-गाण्याची मंडळे. त्यांतल्या ‘बोम्बा’ नावाच्या मंडळाच्या त्या मुख्य गायिका होत्या. जुलै १९५४ मध्ये ‘तानू’ हा पक्ष स्थापन झाला. पुढच्या वर्षी ब्रिटिश मजूर पक्षाचे जॉन हॅच पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी विचारले, तुमच्या पक्षात बायका कुठे आहेत? या प्रश्नानंतर तिती पुढे आल्या.

त्यांनी नवी संघटना शून्यातून उभारली नाही. न्गोमा मंडळांच्या प्रमुख बायकांना गाठले आणि त्यांच्यामार्फत अख्खी मंडळेच पक्षात आणली. त्याच वर्षी सुमारे ५,००० बायका सभासद झाल्याचे तानूचे सरचिटणीस ऑस्कर कंबोना यांनी कळवले होते. शिकलेले पुरुष बहुतेक सरकारी नोकर. त्यांना राजकीय पक्षाचे सभासद होण्यास बंदी होती. दारू गाळून, खाद्यपदार्थ विकून पोट भरणाऱ्या बाईला मात्र गमवायला नोकरीच नव्हती. सुशिक्षितांच्या मौनाची भरपाई निरक्षरांनी केली, ती अशी.

९ डिसेंबर १९६१ रोजी स्वातंत्र्य आले. तिती संसदेत गेल्या, उपमंत्री झाल्या, १९६२ मध्ये राष्ट्रीय महिला संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. आता मात्र कारभाराची भाषा फायलींची होती. १९६५ मध्ये रुफिजी मतदारसंघात त्या हरल्या. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने पुढाऱ्यांना घर भाड्याने देण्यास मनाई केली. समतेच्या दृष्टीने नियम रास्तच होता. पण ज्या बाईला पदवी नाही, निवृत्तिवेतन नाही, तिला भाड्याची खोली हाच म्हातारपणाचा आधार असतो, हे नियम करणाऱ्यांना दिसले नाही. तिती यांनी पक्षाच्या मध्यवर्ती समितीचा राजीनामा दिला.

१९६९ मध्ये सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. परदेशात गेलेले कंबोना हेही त्याच खटल्यात आरोपी होते. तिती यांनी आरोप नाकारला. शिक्षा जन्मठेपेची झाली. १९७२ मध्ये न्येरेरे यांनीच त्यांची सुटका केली. त्यानंतर जवळजवळ दोन दशके सार्वजनिक जीवनात त्यांचे नाव नव्हते. १९९१ मध्ये, स्वातंत्र्याच्या तिसाव्या वर्षी, सत्ताधारी पक्षाला आपली ही वीरांगना पुन्हा आठवली. ५ नोव्हेंबर २००० रोजी जोहान्सबर्गच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दार-ए-सलाममधल्या एका मोठ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

रस्त्याला नाव मिळाले हे चांगलेच. पण अमेरिकन अभ्यासक सुझन गायगर यांनी १९८४ मध्ये तिती आणि त्यांच्या साथीदार बायकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपल्या नसत्या, तर त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळले असते? चळवळ उभी करणाऱ्यांना लिहिता येत नव्हते, एवढ्यावरून त्या अनुयायी ठरत नाहीत. ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांनी त्यांना अनुयायी ठरवले.